बहात्तरची खूण

सभागृहाच्या बाहेरच्या दालनात एका लांब टेबलावर त्या दिवशी अकरा वस्तू मांडल्या होत्या. संचालनाच्या तीन छड्या, त्यांतली एक टोकाशी तुटलेली. दोन चष्मे. एक काळा कोट. घाम पुसायचा पांढरा रुमाल. स्वरलिपीची एक जाड वही. एक फोटो. बटणाएवढा एक काळा रबरी तुकडा. हा कशाचा, ते येणाऱ्याजाणाऱ्या कोणालाच सांगता येत नव्हते. आणि अकरावा मी.

मित्रांनो, मी एक जुना मेट्रोनोम आहे, म्हणजे लय मोजणारे यंत्र. लाकडी मनोऱ्यासारखे माझे अंग, पोटात किल्लीची स्प्रिंग, पुढे हलणारी एक दांडी आणि दांडीवर सरकणारे वजन. हे वजन वर सरकवले की मी सावकाश टकटकतो, खाली आणले की भरभर. मिनिटाला किती ठोके, ते दांडीमागच्या पट्टीवर खुणांनी लिहिले आहे. एका कारागिराने मला घडवले, तेव्हा पट्टीवरची प्रत्येक खूण त्याने घड्याळ लावून तपासली होती. त्या वेळी मी अगदी अचूक होतो.

मला विकत घेतले ते मास्तरांनी. मास्तर बासष्ट वादकांच्या वाद्यवृंदाचे संचालक होते. दर हंगामाच्या शेवटी ते एक संथ रचना वाजवून घेत. ती त्यांची लाडकी. त्या दिवशी घरून निघण्यापूर्वी ते वजन बहात्तरच्या खुणेवर ठेवत, किल्ली देत आणि डोळे मिटून पाच मिनिटे माझ्यासमोर बसत. मग कोट चढवून काहीही न बोलता निघत. काकू, म्हणजे त्यांची पत्नी, म्हणायच्या, "माझं ऐकायला कधी पाच मिनिटं बसला नाहीत."

आता एक गोष्ट सांगतो. ती इतकी वर्षे मी कोणाला सांगू शकलो नाही.

मास्तरांकडे नऊ वर्षांची एक मुलगी शिकायला येत असे. एकदा मास्तर फोन घ्यायला आत गेले. माझ्या टकटकीला कंटाळून ती खुर्चीवर चढली, मला थांबवायला हात पुढे केला, आणि मी कपाटावरून थेट फरशीवर आदळलो. एक रबरी पाय तुटून घरंगळत गेला. तिने मला घाईघाईने जागेवर ठेवले, पायाच्या जागी तिकिटाची घडी सरकवली आणि ती गप्प बसली. मास्तर आले. मी टकटकत होतो. सगळे ठीक दिसत होते.

ठीक नव्हते. माझ्या दांडीचे खालचे टोक पोटात असते. तिथे शिशाचे एक वजन घट्ट बसवलेले असते. ते आपटण्याने केसभर वर सरकले होते. तेवढ्याने माझी चाल मंदावली.

ती मुलगी अठराव्या वर्षी परगावी शिकायला गेली. मास्तर गेल्यावर ती परतली, संचालक होऊन. वय बत्तीस. त्या संध्याकाळी सहाला मास्तरांच्या आठवणीचा कार्यक्रम तिच्या हाताखाली होणार होता. तो संपला की बासष्ट वादक चिठ्ठ्या टाकणार होते: ही राहणार की जाणार.

काकूंनी आम्हाला टेबलावर मांडले तेव्हा बारा वाजले होते आणि आतली शेवटची तालीम नुकतीच संपली होती. दार उघडे होते. आतून नगारेकाकांचा आवाज आला. ते तांब्याचे मोठे नगारे वाजवतात, म्हणून सगळ्यांचे नगारेकाका. वयामुळे त्यांचा उजवा हात कापू लागला होता. तो कार्यक्रम त्यांचा शेवटचा होता.

"हे मास्तरांचं नव्हे," ते म्हणत होते. "गाडी चुकतेय असं वाजवून घेतलंस तू."

"काका, वहीत त्यांच्याच अक्षरात बहात्तर लिहिलंय. मी बहात्तरनेच घेतलं."

"मग आज माझे चार ठोके तुझे तूच मार. मी काठ्या उचलणार नाही."

त्या रचनेत नगाऱ्याला काम फक्त शेवटी, चार ठोक्यांचे. तोपर्यंत काका हातावरचे घड्याळ बघत बसत आणि रचना किती वेळ चालली ते आपल्या स्वरलिपीच्या कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने लिहीत. ही त्यांची सवय मास्तरांच्या पहिल्या हंगामापासूनची. तो कागद हातात धरूनच ते दालनात आले. मागून ती आली. तिचा चेहरा उतरला होता.

"हे बघ. अकरा मिनिटं. अकरा मिनिटं दोन सेकंद. दहा एकोणसाठ. आणि आज सकाळी? दहा मिनिटं पाच सेकंद. पंचावन्न सेकंद कुठे सांडलेस?"

"तुमचं घड्याळ..."

"माझ्या घड्याळाला नावं ठेवू नकोस. माझ्या लग्नाआधीचं आहे आणि जास्त इमानी आहे."

तिने कागद घेतला. ती हिशेबी होती. रचनेत सातशे सव्वीस ठोके होते. तिने मनात भागाकार केला आणि म्हणाली, "म्हणजे ते सहासष्टने वाजवायचे. लिहायचे बहात्तर आणि वाजवायचे सहासष्ट? मास्तर? लहानपणी मला ते फार संथ वाटायचं, पण लहानपणी सगळंच लांब वाटतं." मग तिचे लक्ष कागदाच्या अगदी वरच्या तीन ओळींकडे गेले. "आणि हे काय? सुरुवातीची तीन वर्षं दहा चार, दहा सहा, दहा पाच. चौथ्या वर्षापासून एकदम अकरा?"

"तेव्हा सगळे म्हणाले, वयाने मास्तरांच्या वाजवण्यात खोली आली."

"एका वर्षात?" असे म्हणत तिने मान वळवली आणि तिची नजर माझ्यावर पडली.

मित्रांनो, माझ्या स्प्रिंगमध्ये तेव्हा एकही पीळ नव्हता, तरी मला सगळे आतून ताणल्यासारखे वाटले.

तिने मला उचलले, वजन बहात्तरवर आणले, किल्ली दिली. मी टेबलावर लंगडू लागलो: टक-टक, टक-टक, एक ठोका लांब, एक आखूड. तिने मला उलटे करून पाहिले. तीन पाय होते. चौथ्याच्या जागी भोक. ती ते भोक नुसती बघत राहिली. मग तिने खिशातले कार्यक्रमाचे तिकीट काढले, चार घड्या केल्या आणि बरोबर त्या कोपऱ्याखाली सरकवले. हाताला जागा माहीत होती.

मोबाइलवर वेळ लावून तिने एक मिनिट मोजले. सहासष्ट. पुन्हा मोजले. सहासष्ट. तिसऱ्यांदा मोजताना तिचे ओठ हलत होते. सहासष्ट.

"जुनं झालंय यंत्र," काका म्हणाले. "झिजलं असेल."

ही पळवाट होती, आणि ती तिला आयती मिळाली होती. नुसते 'हो' म्हटले असते तरी भागले असते. संध्याकाळी चिठ्ठ्या पडायच्या होत्या आणि काका गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. मी टकटकत राहिलो. अकरा, बारा, तेरा ठोके झाले.

"झिजलेलं नाही," ती म्हणाली. "माझ्या हातून पडलंय. नऊ वर्षांची होते. मी कोणाला सांगितलं नाही."

काका कागदाकडे बघत राहिले. "म्हणजे तेवीस वर्षं बासष्ट माणसं तुझ्या धडपडीवर वाजवत होती."

"मास्तरांना कळलं असतं तर..."

"कळलं होतं," काकू म्हणाल्या. त्या इतका वेळ रुमालाची घडी नीट करत होत्या. त्यांनी तो रबरी तुकडा उचलून तिच्या तळहातावर ठेवला. "हा मला दुसऱ्याच दिवशी झाडताना सोफ्याखाली सापडला. मी म्हटलं, पोरीला विचारा. तर म्हणाले, नको, सांगेल ती आपणहून. ड्रॉवरमध्ये ठेवून दिला."

"आणि चाल?"

"ती त्या हंगामानंतर कळली. घड्याळजीकडे नेला होता. तो म्हणाला, मागे पडतोय, पाच मिनिटांचं काम. हे म्हणाले, राहू दे. मी धावत होतो, आता हा मला हात धरून चालवतो."

हे खरे आहे, मित्रांनो. मी त्या दुकानाच्या काचेवर उभा होतो. मास्तरांनी मला तिथून जसेच्या तसे उचलले.

"मग काकू, तुम्ही तरी कोणाला का नाही सांगितलं?"

"मला कोणी विचारलं? बाईमाणसाला लयीतलं काय कळतं."

ती हसली नाही. तिने हातातला रबरी पाय खिशात ठेवला. "काका," ती म्हणाली, "सगळ्यांना चारला परत बोलवा. मी त्यांना आधी हे सांगते. मग पुन्हा एकदा घेऊ."

"चिठ्ठ्यांच्या आधी सांगतेस?"

"आधीच सांगायला हवं."

चारला दार बंद झाले. आत ती काय बोलली, मला नीट ऐकू आले नाही. मग कोणीतरी खुर्ची सरकवली. साडेचारला वाजवणे सुरू झाले आणि मधेच तुटले. पुन्हा सुरू झाले, पुन्हा तुटले. पावणेसहाला माणसे आत जाऊ लागली. माझी दांडी खाचेत अडकवली होती. मला टकटकता येत नव्हते, मोजता येत होते.

सहा वाजून बारा मिनिटांनी रचना सुरू झाली. पहिल्या मिनिटात अडुसष्ट ठोके पडले. ती घाबरली होती. एखादा घाबरला की पुढच्या मिनिटात आणखी धावतो, हे मी शेकडो शिकणाऱ्यांकडून शिकलो आहे. दुसऱ्या मिनिटात मी जीव मुठीत धरून मोजले. सहासष्ट. तिसऱ्यात सहासष्ट. दालनात काकू माझ्याशेजारी उभ्या होत्या. त्या आत गेल्याच नाहीत. त्यांचे एक बोट टेबलावर हलत होते, बरोबर त्याच चालीने.

सातशे बावीस ठोके झाले. आता काकांचे चार. पहिला पडला. दुसरा पडला. तिसरा क्षीण होता, पण वेळेवर. चौथा पडला आणि काकूंचे बोट थांबले.

चिठ्ठ्या नंतर मोजल्या. 'राहावे' एकोणपन्नास, 'नको' तेरा. ती राहिली.

माझा पाय तिने स्वतः डिंक लावून बसवला. पोटातले वजन आहे तिथेच ठेवले. आज मी तिच्या कपाटावर आहे. मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे कोणीतरी जुने, मागे पडणारे असेल. दुरुस्त करण्याआधी त्याची चाल कोणाच्या कामी येते आहे का, ते एकदा विचारा. आणि हातून काही पडले, तर त्याच दिवशी सांगा. वाट पाहणारे माणूस नेहमीच तेवीस वर्षे थांबू शकत नाही.

त्या रात्री आवरताना टेबलावर पुन्हा अकरा वस्तू भरल्या. रबरी तुकडा माझ्या अंगाला लागणार म्हणून तिने खिशात ठेवला होता, आणि काकांनी जाता जाता आपला कागद माझ्याशेजारी ठेवला होता, पाठ वर करून. त्यावरची शेवटची ओळ कापऱ्या हाताने, पेन्सिलीने लिहिलेली होती:

१० मिनिटे ५८ सेकंद.