गवंड्याने तपासलेला पाय

मी कृत्रिम पाय बनवते, त्याला अठरा वर्षं झाली. हात चांगला आहे, तोंड फटकळ आहे, आणि या दोन्ही गोष्टी पेशंट एका आठवड्यात ओळखतात. मला कामाचा कंटाळा नाही. कंटाळा आहे तो "दुखतं" या शब्दाचा. दुखतं म्हणजे काय होतं? टोचतं, घासतं, जळतं, दाबतं, की नुसतंच नकोसं वाटतं? यावर उपाय म्हणून हॉस्पिटलने माझ्या भिंतीवर एक तक्ता लावलाय. त्यात दहा चेहरे आहेत, पहिला हसरा आणि दहावा रडका. पेशंटने एकावर बोट ठेवायचं आणि मी तो आकडा फॉर्मवर लिहायचा.

गवंडीमामा दर वेळी तिसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवायचे.

बांधकामावर तुळई पडून त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला, त्याला सहा महिने झाले होते. तीस वर्षं भिंती बांधलेला माणूस. शुक्रवारी डॉक्टरांसमोर नव्या पायाने आठ पायऱ्या चढून-उतरून दाखवल्या, तर त्यांना उभं राहून काम करण्याचा दाखला मिळणार होता. नाहीतर ठेकेदाराने गेटवरची खुर्ची ठरवून ठेवली होती. आल्यागेल्याकडे बघत दिवसभर बसायचं.

"हे खुर्चीत बसले ना, तर महिन्याभरात खुर्चीचेच होतील," मामी मला म्हणाल्या. दोघांच्या वाटचं बोलणं त्या एकट्याच बोलायच्या. "यांना विचारून उपयोग नाही, ताई. सहा महिने विचारतेय, काय होतंय, कसं वाटतंय. उत्तर एकच, बरं आहे. अहो, पाय गेला त्या दिवशी ॲम्ब्युलन्समध्येसुद्धा बरं आहे म्हणाले."

बरं नव्हतं. तिसऱ्या पावलाला मामा कठडा धरायचे आणि कपाळावर घाम यायचा. पाय काढला की नडगीच्या पुढच्या टोकाला लालभडक चट्टा दिसायचा. आमच्यात रीत अशी, की कातडी जिथे लाल, तिथे सॉकेट आतून घासायचं. सॉकेट म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो पेला. मी दोनदा घासलं आणि दोन्ही वेळा चट्टा वाढला.

बुधवारी ते तिसऱ्यांदा आले. कोपऱ्यातल्या सरावाच्या पायऱ्यांवर दोन पावलं टाकून खाली बसले, पाय काढून ठेवला आणि तक्त्याकडे हात केला. तिसरा चेहरा. माझं डोकंच फिरलं.

"मामा, मी काय ज्योतिषी आहे का? तोंडाला कुलूप घालून बसलात तर मला कळणार कसं?"

मी फॉर्म ओढला आणि शिफारशीच्या रकान्यात पेन्सिलीने लिहिलं, 'बसून काम'. हा माणूस निव्वळ ठोकळा आहे, असंही मनात म्हणाले. आज सांगायला लाज वाटते, पण म्हणाले.

"ही भिंत कोणी बांधली?" मागून आवाज आला.

मामा खिडकीखालच्या भिंतीकडे बघत होते. तिथे ओलीचा एक मोठा डाग आहे.

"का हो? तीनदा रंगवली. पुन्हा येतो तो डाग."

"येणारच. ओल इथं दिसते, पण पाणी इथलं नाही. ते वर खिडकीच्या कोपऱ्यातून शिरतं, आतल्या आत चालत येतं आणि इथं येऊन रडतं. रडणाऱ्याचे डोळे पुसून काय होणार? मारणाऱ्याला धरा." कुबड्या घेऊन ते उठले आणि भिंतीवरून तळवा फिरवला. "आणि ही वीट बघा. मागची खचली, म्हणून सगळा भार हिच्यावर आलाय. थोरल्या सुनेसारखी आहे. बोलत नाही, पण फुटेल ती हीच."

मामी तोंड उघडं टाकून बघत होत्या, आणि मीही. अठरा वर्षांत माझ्या या खोलीत इतकं नेमकं कोणी बोललं नव्हतं.

"मामा," मी म्हणाले, "तो तक्ता राहू द्या. हा पाय दुसऱ्या कुठल्या तरी गवंड्याने बांधलाय असं समजा. तपासा आणि सांगा."

"राग नाही ना येणार?"

"येईल. सांगा तुम्ही."

त्यांनी पाय चढवला, उभे राहिले आणि डोळे मिटून सावकाश भार इकडून तिकडे टाकला. मग म्हणाले, "पुढं लाल दिसतं, पण पुढं काही चुकलेलं नाही. मागं पोकळ आहे. पाऊल टाकलं की मी आत सरकतो, खाली उतरतो, आणि मग ते पुढचं टोक सगळं अंग झेलतं. तुम्ही पुढं घासत गेलात, तसा मी आणखी उतरत गेलो. सांधा भरायचा होता, ताई. तुम्ही वीट घासत बसलात."

राग आला, पण स्वतःचा. उरलेला पाय काही महिन्यांत आक्रसतो आणि सॉकेट सैल पडतं, हे मी शिकाऊ मुलींना शिकवते. लाल रंग दिसला आणि तेच विसरले. या माणसाने मात्र डोळे मिटून, न शिकता, माझं काम माझ्यापेक्षा चांगलं वाचलं होतं. मी मागच्या बाजूला पातळ अस्तर चिकटवलं.

"अजून कागदभर," मामा म्हणाले.

मी कागदभर वाढवलं. ते उभे राहिले आणि बराच वेळ हललेच नाहीत. "आता भार सरळ जमिनीत जातो," ते म्हणाले. मी रबर शोधून फॉर्मवरचे दोन शब्द खोडले.

शुक्रवारी मामा आठही पायऱ्या कठड्याला हात न लावता चढले आणि उतरले. डॉक्टरांनी सवयीने तक्त्याकडे बोट केलं. "कितवा चेहरा?"

"उतरताना शेवटच्या पायरीला जरा कुरकुरतो," मामा म्हणाले. "नव्या चौकटीत दार कुरकुरतं तसा. आठवड्यात बसेल."

डॉक्टर आकड्याचा रकाना बघत घुटमळले. "खाली जागा आहे," मी म्हणाले, "तेच लिहा." त्यांनी लिहिलं, त्याखाली 'उभं राहून काम' लिहिलं आणि सही केली.

मामींनी दाखला घडी करून पिशवीत ठेवला. "भिंतीशी एवढं बोलता येतं तुम्हाला," त्या शेवटी म्हणाल्या. "मी सहा महिने विचारत होते. मी काय भिंतीपेक्षा परकी?"

मामा पायाचा पट्टा आवळत होते. मान वर न करता म्हणाले, "ओल्या गिलाव्याला हात लावू देत नाहीत गं. बोटं उमटली की कायमची राहतात. वाळेपर्यंत थांबलो."

मामींनी नाक पुसलं. "मग तशी पाटी तरी लावायची. लांब बसले असते. पण तिथंच बसले असते."

मामांनी पट्टा सोडला आणि मान वर केली.

"आता वाळलाय," ते म्हणाले. "लाव हात."

मी उगाचच कानस शोधायला आतल्या खोलीत गेले.