नांतवेर्नचा बंब आणि अकरा मतं

मी एक जुना चहाचा बंब आहे. तांब्याचा, पोटानं गोल, तोटीनं जरा वाकडा. मित्रांनो, स्वान्सीच्या तांबटानं मला घडवलं ते वेल्समधल्या नांतवेर्न गावासाठी. तिथल्या प्रार्थनामंदिराच्या मागच्या खोलीत मी साठ वर्षं उकळलो. माझी वाफ डोंगर ओलांडून इंग्लंडात जायची आणि पाऊस आला असं समजून तिथल्या बायका वाळत घातलेले कपडे आत घ्यायच्या. खोटं वाटतं? बरं, अर्धा डोंगर तरी ओलांडायचीच.

पण आज सांगायचं आहे ते वेगळंच. ते आठवलं की माझं तांबं शरमेनं आणखी लाल होतं.

१९७९ साली, एक मार्चला, ऐन संत डेव्हिडच्या सणादिवशी, साऱ्या वेल्सला विचारलं गेलं : लंडनहून चालणारा आपला काही कारभार आपल्याच सभागृहाकडे यावा का? मतदान रस्त्यापलीकडच्या शाळेत होतं. शाळेतल्या मेरेरिदबाई त्यासाठी सगळा हिवाळा बर्फ तुडवत वरच्या शेतांवर फिरल्या होत्या. अकरा मेंढपाळांनी त्यांना होकाराचा शब्द दिला होता. त्यांना आणायला बाईंनी बसही ठरवली होती.

दुपारी बस आली. सणाची खूण म्हणून कोटाला लीकची, म्हणजे तिकडच्या कांद्यासारख्या भाजीची, पात खोचलेले अकरा जण उतरले, माझा वास घेतला आणि शाळेकडे पाठ फिरवून सरळ आत आले.

"आधी मत द्या हो, इद्वलकाका!" बाई त्यांच्यातल्या थोरल्याला म्हणाल्या.

"शाळा काय पळून जाते, पोरी? एकच कप."

मेरेरिदबाई म्हणाल्या, "मी खालच्या आळीच्या आजींना घेऊन येते. तोवर आटपा."

आमच्याकडे एका कपावर उठणं म्हणजे चहा बिघडलाय असं तोंडावर सांगणं. दुसरा कप आला आणि वाद पेटला.

"सभागृह कार्डिफला! म्हणजे दक्षिणवाले आपल्या डोक्यावर बसणार."

"आणि लंडनवाले आता कुठे बसलेत? तुझ्या मांडीवर?"

"वाद राहू दे रे. चहा बघ, चहा! असा बंब राणीकडेही नसेल."

मित्रांनो, मी तेव्हाच निवायला हवं होतं. पण स्तुतीनं फुगलो आणि अधिकच खळखळलो. तिसरा कप झाला, चौथा झाला. मग बसवाला एम्लिन दारात ओरडला, "घाटात बर्फ पडतंय! येताय, की राहताय मेंढ्या उपाशी ठेवून?"

अकराच्या अकरा धावत बसमध्ये चढले. घाट चढून गेल्यावर इद्वलकाकांनी विचारलं म्हणे, "अरे, मत कुणी कुणी दिलं?" एकही हात वर झाला नाही. मागे रस्ता बंद झाला होता.

वेल्सनं चारास एक असा नकार दिला. अकरा मतांनी काय फरक पडला असता, असं सगळे म्हणाले. मेरेरिदबाईंनी अकरा कप विसळले. त्यांचे बूट अजून ओले होते.

मला माळ्यावर टाकलं, आणि मला तेच बरं वाटलं.

अठरा वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा आला. विजेची किटली ऐन वेळी जळाली, म्हणून मला खाली काढून शेगडीवर चढवलं. वरच्या शेतांवरची माणसं आली. अकरांपैकी तिघेच उरले होते. इद्वलकाका नव्हते, त्यांचा मुलगा गेथिन होता.

मी पाणी धरून बसलो. खालून जाळ लागला तरी वाफेचा एक धागा सोडला नाही.

"खपलं हे डबडं!" गेथिन वैतागला. "चला, तोवर मत तरी देऊन येऊ."

सगळे शाळेत गेले. सत्तरीच्या मेरेरिदबाईंनी माझ्या पोटावर हात ठेवला. मी चटका दिला नाही.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. केसभर फरकानं, पण होकार. गाव नाचलं, आणि निकामी म्हणून मला अंगणात नेऊन माझ्यात माती भरली. मेरेरिदबाई डॅफोडिलचे कंद लावायला आल्या. हळूच म्हणाल्या, "शहाण्या, अठरा वर्षं लावलीस."

तर मित्रांनो, माझ्यावरचा हिरवा गंज घासू नका. मी चकाकलो की लोक थांबतात. तुम्हाला कुठे जायचं असेल तर आधी जाऊन या. चहा मागाहूनही गोड लागतो. इद्वलकाकांना तेवढा तो मागाहूनचा चहा मिळाला नाही.