डाव्या दिव्याला उजवा हात

मित्रांनो, मी एक जुनं वेळ मोजणारं यंत्र आहे. दोन छोटे दिवे, मध्ये काळा ठिपका, खाली दोन बटणं आणि एक चपळ काटा, एवढाच माझा संसार. भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता, तेव्हा तिथल्या एका दवाखान्यात डॉक्टर ललिताबाईंनी मला जुळवलं.

डावीकडचं दिसणं मेंदूच्या उजव्या अर्ध्यात पोचतं, आणि उजवा हात हलवतो डावा अर्धा. म्हणून डाव्या दिव्याला उजव्या हाताने बटण दाबायचं, तर निरोपाला एका अर्ध्यातून दुसऱ्यात जावं लागतं. त्यात जाणारा किंचित जास्त वेळ मी मोजत असे. पाहुणे माझं तोंडभरून कौतुक करत. मला त्याचं काहीच वाटत नसे.

एकदा क्रेन चालवणारे देवराव आले. डोक्याला मार बसला होता. मेंदूचे दोन्ही अर्धे एकमेकांना नीट निरोप देतात का, यावर त्यांची क्रेन अवलंबून होती. बायको मैनाबाई बाकावर बसून होती.

"ठिपक्यावरून नजर हलवायची नाही," डॉक्टरबाईंनी बजावलं. देवराव मान डोलावत. पण दिवा लागला की आधी वळून त्याच्याकडे पाहत, मगच बटण दाबत. माझा काटा आपला पळतच राही.

"बाई सांगून राहिल्या ना? मंग कावून पाहता तिकडं?" मैनाबाई वैतागली.

"खाली मानसं रायतात. सिग्नल देनाऱ्याकडं पाह्यल्याबिगर मी हात नाई हलवत."

मग बाईंनी दिवा इतका झटकन विझवला, की नजर वळायला सवडच मिळेना. आता हात आपोआप जाऊ लागला. निरोप वेळेत पोचत होते.

"मेंदू ठणठणीत आहे. उद्यापासून क्रेनवर जा," बाई म्हणाल्या. मैनाबाईने डोळ्यांना पदर लावला.

देवराव मात्र स्वतःच्या हाताकडे पाहत राहिले. "पाहाच्या आधीच चालला हा. असा हात मले वरतं नको."

"अहो, सगळ्यांचाच जातो!" बाई हसल्या आणि पुढच्या माणसाला हाक मारली. देवराव पुन्हा क्रेनवर चढले नाहीत. खाली लोखंड उचलू लागले.

आता मी कपाटात धूळ खातो. तेल घातलं नाहीत तरी चालेल. पण मित्रांनो, माझ्यासमोर कुणाला बसवाल, तर आकडा सांगून लगेच उठवू नका. देवरावांना मी पास केलं. ते कशाला घाबरले, हे मला विचारता येत नव्हतं. बाईंना येत होतं.