भावाची शपथ

जोतीराम पुण्याच्या कॉलेजात इतिहास, अर्थशास्त्र आणि त्यांच्या जोडीला कायदा शिकत होता. कायदा कोर्टात जन्मत नाही, लोकांच्या रीतिभातीत जन्मतो, असं त्याचे मास्तर सांगत. बत्तीस सालच्या दिवाळीत तो सोलापूरजवळच्या आपल्या धनगरवस्तीवर आला, तो हे सगळं डोक्यात घेऊनच. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हेच!

घरात मात्र चूलही पेटलेली नव्हती. विधवा बहीण फुलाबाईवर आळ आला होता. वस्तीवरच्या गुंडा नावाच्या धनगराच्या मेंढ्या तिच्या ज्वारीत घुसल्या, भांडण झालं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या मेंढ्या तोंडाला फेस येऊन मेल्या. फुलाबाईनं विषारी कण्हेरीचा पाला चारला, असं गुंडा म्हणत होता. आळ खरा ठरला तर तिला वाळीत टाकणार. मग ना पाणवठा, ना कुणाचं दार.

सकाळी देवळापुढं पंच बसले. देवाच्या हळदीचं, म्हणजे भंडाऱ्याचं, ताट मध्ये ठेवलं.

"बाईनं भंडारा उचलून शपथ घ्यावी," म्हातारे पंच तात्याबा म्हणाले.

जोतीरामला राहवेना. "तात्याबा, तिच्या एकटीच्या शपथेवर गुंडा इस्वास ठिवायचा न्हाय. विलायतेतबी पूर्वी भाऊबंदच शपथेला उभं ऱ्हायचं. तीच रीत हितं लावा की!"

पंचांनी माना डोलावल्या. जोतीरामची छाती फुगली.

"झ्याक बोललास. मग भाऊ तूच. उचल," तात्याबा म्हणाले. "खोटी शपथ घेणाऱ्याचं लेकरू देव नेतो, येवढं ध्यानात असू दे."

घरी जोतीरामची बायको बजाबाई पोटुशी होती. देव असा लेकरं नेत नाही, त्यानं मनाला बजावलं. पण फुला तापट. खरंच चारला असेल तर? एकदा भ्यालं की माणसाला काहीही खरं वाटतं. त्याचा हात पुढं गेला आणि ताटाच्या काठाशीच थांबला.

"सख्खा भाऊ कचरतुया!" गुंडा ओरडला. "आणि काय पुरावा पायजे?"

फुलाबाई धडपडत पुढं आली. "माजी मी उचलते!"

"आता न्हाय, बाई," तात्याबा म्हणाले. "भावाची शपथ ठरली हुती. ती अडली."

पंच उठले. बायका पदर सावरत तिच्यापासून लांब सरकल्या.

फुलाबाई भावाकडं बघत म्हणाली, "म्या न्हाय चारला, दादा. तू मला इचारलंबी न्हाईस."