शेजारच्या दाढेवरचा ओरखडा

"अहो मावशी, भर परीक्षेत उभी राहिली म्हणे! माझा भाचा मागच्याच रांगेत होता ना, त्यानं डोळ्यांनी पाहिलं. मग त्या बाई धावत आल्या आणि हिला सरळ—"

एवढंच कानावर पडलं आणि माझ्या डब्याचं झाकण खाडकन बंद झालं. झाकणाला आतून स्पंजाचा जाड थर. पुढचं सगळं नुसतं गुं-गुं. हिला सरळ काय? परीक्षेतून बाद केलं? कायमचं बाद केलं? आत माझा जीव टांगणीला लागला आणि बाहेर खालच्या मजल्यावरच्या शेजारणीचं चाललंय ते चाललंयच.

मी एक जबडा बोलतोय. कुणाच्या तोंडातला नव्हे, घाबरू नका. कारखान्यात घडलेला, प्लॅस्टिकचा, सरावासाठीचा जबडा. गुलाबी हिरड्या, स्क्रूनं बसवलेले बत्तीस दात, बिजागरीवर उघड-मीट होणारा. दातांचे डॉक्टर आधी माझ्यावर हात बसवतात आणि मगच तुमच्याकडे वळतात. तुमची दाढ कुणी न दुखवता भरली असेल, तर त्यापायी माझ्यासारख्याचं तोंड आधी पोखरून निघालेलं असतं. उपकार सांगत नाही, माहिती म्हणून सांगितलं.

मला नाक नाही, तरी ते सगळीकडे खुपसायची सवय आहे. कान नसताना ऐकतोस कसा, असं मात्र विचारू नका. सतत आ वासून बसलं की घरातलं सगळं आपोआप आत येतं.

माझा पहिला मालक कॉलेजातला एक पोरगेला गडी होता. माझ्या दातांत पेन्सिल अडकवून ठेवायचा, डोक्यावर टोपी घालून फोटो काढायचा. पहिल्या फटक्यात पास झाला आणि मला एका दवाखान्याच्या कपाटात कोंबून निघून गेला. मागे वळूनही पाहिलं नाही. पास झालेली माणसं अशीच वागतात, मी मनाला लावून घेत नाही.

त्या कपाटातून मला बाहेर काढलं ते डॉक्टरीणबाईंनी.

डॉक्टरीणबाई हे आपलं माझं म्हणणं. त्या दवाखान्यात तिला असं कुणी म्हणत नाही. तिच्या देशात तिनं कित्येक वर्षं स्वतःच्या खुर्चीवर पेशंट तपासले, पण नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे परदेशात आली आणि तिची पदवी इकडे चालेना. परवाना हवा असेल तर इथली परीक्षा द्या. तोवर काय, तर दुसऱ्या डॉक्टरच्या शेजारी उभं राहून थुंकी ओढायची नळी धरा, हत्यारं हातात द्या. खुर्चीतला पेशंट तिलाच विचारतो, "डॉक्टर यायला वेळ आहे का हो?" आणि ती म्हणते, "येतीलच आता." म्हणताना मास्क असतो, ते एक बरं.

या परीक्षेला तीनदाच बसता येतं. तिसऱ्यांदा नापास झालं की कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून सगळं पुन्हा शिका, नाहीतर जन्मभर नळी धरा. पहिल्या खेपेला ती नापास झाली. दुसऱ्या खेपेलाही झाली.

दुसऱ्या खेपेला मी तिच्या समोरच होतो. तिथे जबडा आपला न्यायचा, त्यात नवे दात ते लोक बसवून देतात. कामं दोन. पुढचा एक दात भरायचा, आणि मागची एक दाढ कॅप बसण्यासारखी चारी बाजूंनी तासायची. तासताना शेजारच्या दाढेला धक्का लागता कामा नये. त्या दिवशी लागला. इवलासा ओरखडा होता. तिनं इकडेतिकडे पाहिलं, गुळगुळीत करायचं टोक मशीनला लावलं आणि तो पुसून टाकला. म्हणजे तिला वाटलं, पुसला. परीक्षकांची भिंगं काय झोपलेली असतात?

घरी येऊन म्हणाली, "वेळ पुरला नाही." नवऱ्यानं पाठीवर हात ठेवला. सासूबाईंनी काही विचारलं नाही. खरं काय ते ठाऊक होतं दोघांनाच, तिला आणि मला. मी बोलणार कुणाशी?

मग तिसऱ्या खेपेची तयारी सुरू झाली आणि त्या घराचं स्वयंपाकघर म्हणजे दवाखाना होऊन गेलं. टेबलाच्या कडेला मला शिकंज्यात आवळायचं, दवाखान्यातून मागून आणलेली जुनी मोटर लावायची, पायाखाली पेडल. मशीन सुरू झालं की कपाटातल्या बशासुद्धा कुडकुडायच्या. माझ्या दातांचा पांढरा भुगा सगळीकडे.

सासूबाई ओरडायच्या, "अगं, कणकेत पडतोय तो भुगा! उद्या आमच्या पोटात दात उगवतील!"

"आई, झाकून ठेवा ना जरा."

"काय काय झाकू? कणीक झाकू, दूध झाकू, का तुझा हा दातोबा झाकू?"

दातोबा म्हणजे मी. नाव ठेवलं त्यांनीच आणि जीवही लावला त्यांनीच. एकदा सूनबाई कुरकुरत होती की इथे हात मोकळा फिरतो, पण परीक्षेत जबडा पुतळ्याच्या डोक्यात बसवतात, त्याला रबराचे गाल असतात, मागच्या दाढेपर्यंत हात पोचतच नाही. सासूबाईंनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी गुडघे शेकायची आपली रबरी पिशवी कात्रीनं उभी फाडली आणि तिचे दोन गाल करून मला शिवून टाकले. दिसायला मी गालगुंड झाल्यासारखा दिसत होतो, पण खरं सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा मला चेहरा असल्यासारखं वाटलं.

"आणि तुमचे गुडघे?" सुनेनं विचारलं.

"गुडघ्यांना कुठे परीक्षेला बसायचंय!"

हसणं असं मधूनमधूनच. एरवी त्या घरात परीक्षा हा शब्दच उच्चारायचा नाही असं ठरून गेलं होतं. नवरा दारातून चपला हातात घेऊन यायचा. तिचं जेवण अर्ध्यावर आलं होतं. भांडी घासतानासुद्धा तिचा अंगठा बशीच्या कडेवरून असा फिरायचा, जणू दाढच तासतेय. कधी कधी मशीन बंद करून ती नुसती माझ्याकडे बघत बसायची. तेव्हा मला तिच्या हाताचं कापणं दिसायचं. पेशंटला दिसलं असतं तर तो खुर्चीतून उठून पळाला असता. मला पळायची सोय नाही.

परीक्षेचा दिवस उजाडला. लांबलचक हॉल, रांगेनं मांडलेली पुतळ्यांची डोकी, प्रत्येकाचं तोंड उघडं, प्रत्येकासमोर एक घाबरलेलं माणूस. मला तिच्या वाट्याच्या डोक्यात बसवलं. बिनडोळ्यांचं डोकं, पण गाल मात्र अस्सल परीक्षेचे. सासूबाईंच्या पिशवीपेक्षाही कडक.

पुढचा दात तिनं असा भरला की माझा मलाच ओळखू येईना. मग दाढ घेतली. आरशावर पाण्याचे तुषार, गालाचं रबर बोटांना मागे ढकलतंय, मशीनची किरकिर हाडांपर्यंत. मला हाडं नाहीत, पण म्हणायची पद्धत. एक बाजू झाली, दुसरी झाली. आता उरली ती शेजारच्या दाढेकडची फट. हीच ती मागच्या वेळची जागा.

तेवढ्यात कर्ण्यातून आवाज आला, "थोडाच वेळ शिल्लक आहे."

आणि लागलं. शेजारच्या दाढेला लागलं.

नखानं ओढावी तेवढीच रेघ. ती थिजली. पाय पेडलवरून निघाला. मी खालून बघत होतो. मास्कच्या वर दोनच डोळे, आणि त्या डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसती भीती होती. मग तिचा हात हळूच हत्यारांच्या ट्रेकडे गेला आणि तिनं गुळगुळीत करायचं टोक उचललं.

अगं नको, नको गं बाई, मी ओरडत होतो. इतकं मोठं तोंड दिलंय देवानं, आणि आवाज द्यायला विसरला.

टोक मशीनला बसलं. मशीन तोंडात आलं. त्या रेघेच्या अगदी वर येऊन थांबलं. फिरलं मात्र नाही.

तिनं ते बाहेर काढलं, ट्रेमध्ये ठेवलं आणि हात वर केला. पर्यवेक्षक बाई दुसऱ्या टोकाला कुणाशी तरी बोलत होत्या. हात तसाच वर. कुणी बघेना. वेळ चाललेला. शेवटी ती उठून उभी राहिली. त्या हॉलमध्ये मध्येच उभं राहायचं नसतं, त्यामुळे दहा-वीस माना एकदम वळल्या.

बाई धावत आल्या. "काय झालं? बसा आधी!"

"माझ्याकडून शेजारच्या दाढेला लागलंय. तुम्ही बघून घ्या."

बाईंनी वाकून पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मी हे लिहून घेतलं, की खोडता येत नाही हं."

"याचं पुढे काय होतं?"

"ते वरची मंडळी ठरवतात. मला सांगता येणार नाही. लिहू?"

तिनं एकदा त्या रेघेकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणेल राहू द्या.

"लिहा," ती म्हणाली. आणि बसून उरलेली दाढ तासली.

मग त्या लोकांनी माझे ते दात काढून घेतले आणि मला बोळका करून परत दिलं. म्हणजे भाच्यानं पाहिलं ते खरं, पण पुढचं मलाही ठाऊक नव्हतं. म्हणून तर त्या दिवशी झाकण लागल्यावर माझी अशी तगमग झाली. घरी तिनं एवढंच सांगितलं होतं की दिला पेपर, बघू.

निकाल नवऱ्याच्या फोनवर आला. सकाळची वेळ, मी उघड्या डब्यात टेबलावर. ती ओट्याकडे तोंड करून उभी.

"तूच वाच," ती म्हणाली.

त्यानं वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. "नापास लिहिलंय गं."

सासूबाई खुर्चीत बसल्या. ओट्यावरचा नळ चालू होता, तो बंद करायचंही कुणाला सुचलं नाही. ती मागे न वळताच बोलायला लागली, "आई, मागच्या वेळी वेळ पुरला नाही म्हणाले ना मी, ते खोटं होतं. मी शेजारच्या दाढेला लावलं आणि लपवलं. या वेळीही लागलं. या वेळी सांगितलं, एवढाच काय तो फरक."

"मला मागच्याच वेळी कळलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "तुझा हात इतका झरझर चालतो. तुला वेळ कमी पडेल होय?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलायची वाट बघत होते. आणि तो नळ बंद कर आधी."

"थांबा थांबा," नवरा फोन डोळ्यांशी नेत म्हणाला, "खाली अजून आहे. पुढचा दात पास. चांगले गुण आहेत गं! कॅपचं काम नापास. आणि हे बघ... चूक स्वतःहून नोंदवली असल्यानं परीक्षा रद्द धरलेली नाही. फक्त कॅपचं काम एकदा पुन्हा करून दाखवावं."

"एकदाच?" तिनं विचारलं.

"एकदाच."

ती हसली नाही की रडली नाही. ओल्या हातांनी तिनं फोन घेतला आणि ते वाक्य स्वतः वाचलं. मग पुन्हा वाचलं.

दुपारी खालच्या मजल्यावरची बाई हजर. "काय मावशी, लागला का निकाल? भाचा म्हणत होता, हिला हॉलबाहेर काढलं आणि आता जन्मात बसू देणार नाहीत."

"नापास झालीय," सासूबाई म्हणाल्या.

"बघा! तरी मी म्हणत होते!"

"एका दाढेत. तेवढीच पुन्हा करून दाखवायचीय. आणि हॉलबाहेर कुणी काढलं नाही, शेवटपर्यंत बसली होती ती. भाच्याला सांग, अर्धं बघितलंस बाबा. त्याचं काय झालं गं?"

"त्याचं... त्याचं बघायचंय अजून," असं म्हणत बाई जिना उतरल्यासुद्धा.

तर अशी आहे माझी हकिगत. परवाना अजून मिळालेला नाही. उद्याही ती दवाखान्यात नळीच धरणार आहे. तिच्या आणि तिच्या खुर्चीच्या मध्ये आता एक दाढ उरलीय, आणि ती दाढ माझ्या तोंडात आहे. या खेपेला लागलं तर सांगून काही मिळणार नाही, हे तिलाही ठाऊक आहे. म्हणून तर तिची जिवणी बघा कशी आवळलेली आहे.

एकच विनंती आहे. अशा एखाद्या घरात जाल तेव्हा दारातच "झाली का पास?" असं विचारू नका. मला विचारा हवं तर. माझा वेळ जात नाही, आणि मला सगळं ठाऊक असतं.

पण आत्ता नको. तिनं नवी दाढ स्क्रूनं आवळलीय, आरसा हातात घेतलाय, पाय पेडलवर ठेवलाय. शेजारच्या दाढेकडे बघतेय. तोंडात मशीन असताना कुणाला बोलता येतं का सांगा? बरं, येतो मी.