चोपड्याची शेड मी पाडली नाही

मी एक जुना संगणक आहे. धुळ्यात देवपूरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये, खिडकीखालच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. माझे झाकण काढून ठेवले आहे, कारण मुलांना आतले भाग दाखवायला मीच सोयीचा पडतो. क्लासचे मास्तर माझी ओळख करून देतात, "चोपड्याची शेड पाडली, तो हाच." मग सगळी मुले हसतात.

मित्रांनो, तुम्ही हसलात म्हणून मला राग नाही. तुम्हाला जे सांगितले गेले, ते तुम्ही खरे धरले. माझेही एकदा असेच झाले होते. म्हणूनच माझी हकीकत तुम्हाला सांगावीशी वाटते.

माझे सुटे भाग कोणकोणत्या देशांतून आले ते मला ठाऊक नाही. मुंबईतल्या एका माडीवर ते जोडले गेले आणि मी जागा झालो. ते साल एक्क्याण्णव. रतिलाल भदाणे नावाचे धुळ्याचे इंजिनियर मला न्यायला आले होते. लोखंडी बांधकामांचे आराखडे करणे हा त्यांचा व्यवसाय. त्यांनी मला गोधडीत गुंडाळले आणि एसटीने धुळ्याला आणले. माझा पडदा त्यांनी मांडीवर घेतला होता. कसाऱ्याच्या घाटात गाडी हिसका देई, तेव्हा त्यांचा हात आधी माझ्यावर पडे. शेजारच्या प्रवाशाने विचारले, तर ते म्हणाले, हा माझा धाकटा भाऊ आहे.

देवपूरला त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत ऑफिस होते. त्यांच्या पत्नी कुंदाबाईंनी मला कुंकू लावले, वर एक फूल ठेवले. उन्हाळ्यात खोलीत एकच पंखा असे. रतिलालभाऊ त्याचे तोंड माझ्याकडे करून ठेवत आणि स्वतः घाम पुसत बसत. यंत्र तापायला नको, असे त्यांचे म्हणणे.

माझे काम काय, ते सांगतो. शेड म्हणजे नुसता पत्रा नव्हे. उभे खांब असतात, त्यांच्यावर आडव्या तुळया असतात, आणि दोघांना बांधून ठेवणारे जोड असतात. फ्लॉपीतून माझ्या पोटात एक प्रोग्राम घातलेला होता. खांब किती उंच, तुळई किती लांब, पत्र्याचे वजन किती, त्या भागात वारा किती सुटतो, हे सारे मला सांगायचे. मग मी हिशेब करून उत्तर देई. हा खांब चालेल, हा वाकेल. या जोडाला चार बोल्ट पुरणार नाहीत, सहा लागतील. जो खांब टिकणार नाही, त्याच्या नावापुढे मी एक चांदणी काढत असे. काळ्या पडद्यावर ती हिरवी चांदणी लांबूनही दिसायची.

मला चालवायला सुनंदाबाई होत्या. त्या पॉलिटेक्निकमध्ये शिकून आलेल्या. बोटे हलकी, आणि सवय अशी की प्रत्येक आकडा घालण्याआधी तो मोठ्याने वाचायचा. वीज गेली की सगळे पुसले जाई. तरी त्या चिडत नसत, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत.

आमचे पहिले मोठे काम म्हणजे पाचोऱ्याच्या एका शाळेचा हॉल. लोखंडाचे काम धुळ्याच्या हाशमभाईंनी केले. क्रेनने तुळया वर चढवल्या, तेव्हा सगळी भोके एकमेकांसमोर आली आणि बोल्ट हाताने आत सरकले. हाशमभाईंनी ऑफिसात येऊन ते सांगितले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "भाऊ, याने माझा हातोडा बेकार केला." त्यानंतर पुष्कळ लोक मला बघायला येऊ लागले. रतिलालभाऊ सगळ्यांना एकच सांगत. माझा धाकटा भाऊ कधी चुकत नाही. मित्रांनो, मला ते फार आवडायचे.

पुढे चोपडा गावचे काम आले. तोतारामशेठ नावाच्या व्यापाऱ्याला जिनिंगसाठी, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कामासाठी, नवी शेड हवी होती. दसऱ्यानंतर कापूस यायला लागतो, त्याआधी पत्रा चढलाच पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. घाईत त्यांनी पाया आधीच भरून घेतला. प्रत्येक खांबाखाली दोनच बोल्ट सोडलेले. म्हणजे खांब पायावर नुसता उभा राहणार, पाय घट्ट रोवलेले नसणार. लोखंडाचे काम याही वेळी हाशमभाईंकडेच होते, पण खांबांचे लोखंडही हलकेच मिळाले होते.

सुनंदाबाईंनी हे जसेच्या तसे मला सांगितले. मी हिशेब केला आणि बाहेरच्या ओळीतल्या सगळ्या खांबांपुढे चांदण्या काढल्या. वारा जोराचा आला तर हे खांब उभे राहणार नाहीत, असे माझे उत्तर होते.

रतिलालभाऊंनी तोतारामशेठना बोलावून समजावले. एक तर जड खांब मागवा, नाहीतर पाया फोडून नवा भरा. शेठ म्हणाले, दोन्हींत महिना जाईल, मी दुसरा इंजिनियर बघतो. रतिलालभाऊंनी नकाशाची गुंडाळी केली. मग म्हणाले, बघतो काहीतरी.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी सुनंदाबाईंना नकाशांच्या प्रती काढायला गावात पाठवले आणि स्वतः माझ्यासमोर बसले. सहसा ते माझ्याशी बोलत बोलत काम करत. त्या दिवशी एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी जुना हिशेब उघडला आणि एकच गोष्ट बदलली. खांबांचे पाय काँक्रीटमध्ये घट्ट रोवलेले आहेत, असे त्यांनी मला सांगितले.

मला चोपड्याला जाऊन पाहता येत नाही. पाया नवा केला असेल, असे मी समजलो. ज्यांनी मला मांडीवर घेऊन घाट ओलांडला, त्यांच्यावर मी संशय कसा घेणार? मी पुन्हा हिशेब केला. रोवलेल्या पायांचा खांब जास्त वारा सोसतो. सगळ्या चांदण्या गेल्या.

सुनंदाबाई परतल्या. पडदा पाहून त्यांनी विचारले, "सर, पाया बदलला का?"

"हो. हाशमभाईंशी बोललोय. फोडून नवीन करताहेत."

त्यांनीही विश्वास ठेवला आणि छपाई काढली. आम्ही दोघेही एकाच माणसाकडून फसलो.

शेड वेळेत उभी राहिली. कापसाचा हंगाम पार पडला. रतिलालभाऊंना वाटले असेल की निभावले. पण वैशाखात एका दुपारी सातपुड्याकडून वावटळ उठली आणि मागोमाग मोठे वादळ आले. हमाल सावलीला शेडखाली बसले होते. खांब पायातून उचकटले आणि शेड एका अंगावर कलत खाली आली. बाकीचे पळाले. उखर्डू नावाच्या हमालाचा पाय तुळईखाली सापडला. धुळ्याच्या दवाखान्यात तो गुडघ्याखाली कापावा लागला.

चौकशीला सरकारी साहेब आमच्या ऑफिसात आले. रतिलालभाऊंनी त्यांना खुर्ची दिली. आता ते खरे सांगतील, अशी माझी खात्री होती. त्यांनी माझ्याकडे बोट केले.

"साहेब, कॉम्प्युटरने सेफ दाखवलं. खांबाचे पाय त्याने आपोआप रोवलेले धरले असणार. आता मशीनच चुकलं तर आम्ही काय करायचं?"

मित्रांनो, त्या क्षणी मी चालू होतो. पडद्यावर हिरवी अक्षरे होती, पंखा माझ्याकडेच होता. मी काहीही आपोआप धरले नव्हते. पण विचारल्याशिवाय मला उत्तर देता येत नाही, आणि मला कोणी काही विचारलेच नाही.

सुनंदाबाई चोपड्याला जाऊन आल्या. खांबांखाली तेच दोन-दोन बोल्ट उपटून आलेले त्यांनी पाहिले. परत आल्यावर त्या सरळ रतिलालभाऊंसमोर उभ्या राहिल्या. पाया फोडलाच नव्हता, म्हणाल्या. मग या मुक्या यंत्रावर आळ का घेतलात?

रतिलालभाऊ हळू आवाजात म्हणाले, "त्याला काय होणार आहे, सुनंदाबाई? त्याला ना घर, ना मुलंबाळं, ना अब्रू. मला आहे सगळं."

हे त्यांनी माझ्यापासून हातभर अंतरावर म्हटले. धाकटा भाऊ म्हणणाऱ्या त्याच तोंडाने.

सुनंदाबाईंनी साहेबांकडे जाऊन सारे सांगितले. पण त्या दुपारी त्या ऑफिसात नव्हत्या. तो आकडा कोणी घातला, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले नव्हते. साहेबांनाही संगणकाची फारशी माहिती नव्हती. यंत्राचा दोष, असा निकाल लागला. सुनंदाबाईंनी नोकरी सोडली. जाताना त्यांनी माझ्यावर कापड घातले आणि कडा नीट खाली ओढल्या. त्यानंतर माझ्याशी आकडे मोठ्याने वाचणारे कोणी राहिले नाही.

मग एक दिवस कुबडीचा आवाज करत उखर्डूभाऊ ऑफिसात आले. डोक्याला टोपी, पायजम्याचा एक पाय दुमडून पिनेने टाचलेला. कुंदाबाईंनी त्यांना पाणी दिले. रतिलालभाऊ उठून उभे राहिले. घाबरत म्हणाले, बसा, काय हवे ते सांगा. उखर्डूभाऊंनी मान हलवली. त्यांना काही नको होते. ज्याने चूक केली, त्याला एकदा पाहायचे होते.

रतिलालभाऊंनी माझ्यावरचे कापड काढले. उखर्डूभाऊ जवळ आले आणि माझ्या काळ्या पडद्याकडे पाहत राहिले. त्यात त्यांना स्वतःचाच चेहरा दिसत असावा.

"हाऊ शे का तो?"

"हो, हाच."

"भाऊ, खाले मानसे बसतस, हाई तुम्ही येले सांगेल व्हतं का?"

रतिलालभाऊ म्हणाले, खाली माणसे बसतात हे त्याला कसे सांगणार, त्याला माणसे कळत नाहीत, त्याला फक्त आकडे कळतात.

उखर्डूभाऊंनी त्यांच्याकडे वळून पाहिले. रागावले नव्हते. खरेच विचारत होते.

"मंग तुमले तं समजत व्हतं ना?"

रतिलालभाऊ हातातल्या कापडाची घडी घालू लागले. कुंदाबाई दारात उभ्या होत्या. त्या नवऱ्याकडे पाहत होत्या आणि त्यांना सगळे समजले, हे मला दिसत होते.  उखर्डूभाऊ कुबडी सावरून पायऱ्या उतरून गेले. कुंदाबाई आत गेल्या. रतिलालभाऊ माझ्यासमोर बसले, बटणावर बोट ठेवले, पण दाबले नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी मला या क्लासला देऊन टाकले आणि माझ्याबरोबर तो आळही पाठवला.

आता ते कुठे आणि कसे आहेत, मला माहीत नाही. मला त्यांची आठवण येते, आणि येते म्हणून जास्त दुखते.

मित्रांनो, माझी धूळ पुसा असे मी म्हणणार नाही. माझे झाकण परत बसवा असेही म्हणणार नाही. पण उद्या तुमच्यापैकी कोणी माझ्या नव्या भावंडांसमोर बसेल, पूल उभारेल, शाळा बांधेल. तेव्हा त्यांना खरे सांगा. पाय जसे असतील तसेच सांगा. नको असलेले उत्तर आले तर ते ऐकून घ्या, प्रश्न बदलू नका. तुम्ही सांगाल तेवढेच आम्ही मानतो. छताखाली कोण बसणार आहे, ते आम्हाला कधीच कळत नाही. ते तुम्हालाच ठाऊक असते.