मधला गुरुवार

उद्धवरावांच्या पत्राला मी नऊ वर्षांत उत्तर दिलं नाही. तळवड्याच्या एका छोट्या प्रयोगशाळेत आम्ही दोघे रबरी सील तपासायचो. निवृत्त झाल्यावर त्यांनी कुरुळीच्या घरून एकच गोष्ट विचारली होती : 'सत्तेचाळीस नंबरचा तुकडा तुम्ही मंगळवारी ओव्हनमध्ये ठेवलात, शुक्रवारी काढलात, वहीत बहात्तर तास लिहिलेत. मधे गुरुवार आला, तोही धरलात की काय?'

धरला होता. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, वीज बंद. तुकडा तापला अठ्ठेचाळीसच तास. पत्र वाचल्यावर हे माझ्या लक्षात आलं, आणि मग लिहायचा धीर झाला नाही.

गेल्या वर्षी उद्धवराव गेले. दहाव्याला त्यांच्या पत्नी कौशल्याबाई म्हणाल्या, "लई दिवस पोस्टमनला इचारायचे, तळवड्याचं काय हाय का."

आता मी आठवड्यातून दोन दिवस तळवड्याच्या त्याच प्रयोगशाळेत सल्लागार म्हणून जातो. टीममधली निम्मी माणसं चाकणला, शिफ्ट वेगळ्या. म्हणून सगळे एका ब्लॉगवर लिहितात. जे फसलं ते त्याच दिवशी लिहायचं, हा टीमच्या प्रमुख तेजस्विनीचा नियम. मी नुसता वाचतो.

"काका, ब्लॉग आहे, नुसता वाचायला पेपर नाही," टीममधला रणजीत म्हणतो. "निदान 'वाचकांचा पत्रव्यवहार' समजून तरी दोन ओळी टाका."

बुधवारी तेजस्विनीने लिहिलं : 'नवे पाचही तुकडे ओव्हनमध्ये बहात्तर तासांत तडकले. काकांचा सत्तेचाळीस, तोच माल, टिकला होता. म्हणजे माझ्याच हातून चुकतंय. सोमवारपासून हे काम दुसऱ्या कुणीतरी बघावं.'

खाली रणजीतची ओळ : 'मॅडम, आधी ओव्हनला लिंबू-मिरची बांधून बघू.'

ती समोरच्याच टेबलावर बसली होती. उठून सांगता आलं असतं. काहीतरी वाटायला हवं होतं, वाटलं नाही. चहा घेतला, कप विसळला. मग कागदावर मजकूर लिहिला, दोनदा खोडला, आणि एका बोटाने ब्लॉगवर टाइप केला :

'श्री. उद्धवराव यांस, स.न.वि.वि. होय, गुरुवार धरला होता. त्या दिवशी ओव्हन बंद होता. सत्तेचाळीस नंबरचा आकडा चुकीचा आहे, आणि मला ते नऊ वर्षं माहीत आहे. तेजस्विनीचं काहीही चुकलेलं नाही.'

वरचं नाव खोडावं का, ते कळेना. तसंच ठेवलं आणि 'प्रकाशित करा' दाबलं.